फिरतं पाणी

कंडेन्सरचा नळ चालू ठेवून चहाला गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या मी कानाखाली वाजवली होती. २०३५ सालची गोष्ट. प्राचार्यांनी बोलावून घेतलं आणि त्याची माफी मागायला सांगितलं. मी मागितली नाही. उलट प्राचार्यांनाच प्रयोगशाळेत नेलं, सिंकमधून भळाभळा जाणारं स्वच्छ पाणी दाखवलं आणि विचारलं, "सर, आज तुमच्या घरी आंघोळीला किती बादल्या होत्या?" धामणखेडला तेव्हा नळाला नवव्या दिवशी पाणी यायचं.

मी सारिका ढवळे. धामणखेडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि प्रयोगशाळा सांभाळायचे. लग्न केलं नाही. माझ्या स्वभावाला कोण पुरलं असतं, असं माझा भाऊच म्हणायचा. हात लवकर उठतो, हे मला मान्य आहे. पुढे जे घडलं त्याला दुष्काळ जितका कारण आहे तितकाच हा हात आहे, हे मी कोर्टातही सांगितलंय.

आधी त्या पाण्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ऊर्ध्वपातन म्हणजे द्रव उकळायचा, त्याची वाफ करायची आणि ती वाफ थंड करून पुन्हा द्रव मिळवायचा. घाण मागे राहते, शुद्ध तेवढं पुढे येतं. वाफ थंड होते ती कंडेन्सरमध्ये. ही काचेची दुहेरी नळी असते. आतल्या नळीतून वाफ जाते आणि बाहेरच्या नळीतून गार पाणी सतत खेळवावं लागतं. मिनिटाला एक लिटर म्हटलं तरी सहा तासांच्या प्रयोगाला साडेतीनशे लिटरवर पाणी जातं, आणि हाताला काय लागतं, तर लिटर-दीड लिटर शुद्ध द्रव. बरं, ते साडेतीनशे लिटर खराबही होत नाही. त्याला रसायन लागत नाही, धूळ लागत नाही. ते जरा कोमट होतं, एवढाच त्याचा गुन्हा. आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी दोनशे वर्षं ते खुशाल गटारात सोडलं.

२०३६ मध्ये पाण्याचा नवा कायदा आला आणि प्रयोगशाळांचे नळ सील झाले. आमच्या आसपासच्या चार कॉलेजांनी प्रयोगच बंद केले. मी केले नाहीत. भागवतला बोलावलं.

भागवत माझा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, त्याला मीच वाढवलं. शिक्षणात त्याचं डोकं चाललं नाही, पण हातात पाना दिला की त्याच्यासारखा माणूस नाही. जुन्या पाइपाला नुसतं बोट लावून तो सांगायचा, आत किती गाळ बसलाय. आम्ही दोघांनी मिळून बाराशे लिटरची एक टाकी बसवली. तिच्यातलं पाणी पंपाने कंडेन्सरमध्ये जाणार, कोमट होऊन छतावर जाणार, तिथे गार होणार आणि परत टाकीत येणार. एक थेंब बाहेर नाही. गळतं ते नेहमी वॉल्व्हमधूनच, म्हणून मी टाकीला खालून वॉल्व्हच ठेवू दिला नाही. "आक्का, उद्या धुवायची झाली तर?" भागवतने विचारलं होतं. मी म्हटलं, धुवायला पाणी कुठून आणणार आहेस?

खरी करामत छतावरच्या पत्र्यांची होती. प्रत्येक गरम वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी आपली उष्णता बाहेर फेकत असते. यातली बरीचशी हवेतली वाफ शोषते आणि आपल्याकडे परत पाठवते. पण या किरणांचा एक पट्टा असा आहे की तो हवेला अडवता येत नाही, तो थेट अंतराळात निघून जातो. आमच्या पत्र्यांवरचा लेप सूर्याचं ऊन जवळजवळ सगळं परतवायचा आणि स्वतःची उष्णता नेमकी त्या पट्ट्यात बाहेर टाकायचा. त्यामुळे भर दुपारीही पत्रा भोवतालच्या हवेपेक्षा सात-आठ अंशांनी गार राहायचा. वीज नाही, बर्फ नाही, बाष्पीभवन नाही. हवा जितकी कोरडी तितकं हे चांगलं चालायचं, आणि कोरड्या हवेची आमच्याकडे काही कमी नव्हती.

तेच बाराशे लिटर पाणी सहा वर्षं फिरत राहिलं. लांबलांबून लोक बघायला आले. टँकरच्या पाण्याचे नमुने तपासण्याचं कामही माझ्याकडे आलं. कोणतं पाणी कुठल्या पाइपलाइनचं, हे मी क्षारांवरून सांगू शकायचे. आणि तिथेच माझं आणि भागवतचं बिनसलं.

गेल्या वर्षी पंचेचाळीस घरांतल्या पाण्याचे नमुने आले. त्यातला एक धरणाच्या मुख्य पाइपलाइनचा निघाला, म्हणजे चोरीच्या जोडाचा. नमुन्यांवर फक्त आकडे असतात, नावं नसतात. मी अहवालावर सही केली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी भागवतला उचललं. त्याने स्वतःसाठी नव्हे, गल्लीतल्या अकरा घरांसाठी तो जोड टाकला होता. उर्मिला, माझी भावजय, माझ्या पाया पडली. अहवाल बदला म्हणाली. मी बदलला नाही. भागवत आठ महिने आत होता.

त्या आठ महिन्यांत एक हिवाळा गेला. डिसेंबरात हवा चार अंशांवर उतरली आणि छतावरचे पत्रे तिच्याही खाली गेले. पाइपांत पाणी गोठलं. धामणखेडात बर्फ! मला हसावं की रडावं कळेना. दोन पाइप फुटले, तीनशे लिटर पाणी गच्चीवर सांडलं. तेव्हा मी त्या फिरत्या पाण्यात ग्लायकॉल मिसळलं. गाड्यांच्या रेडिएटरमध्ये पाणी गोठू नये म्हणून घालतात तेच. तिसरा हिस्सा ग्लायकॉल, बाकी पाणी.

ग्लायकॉल दिसायला पाण्यासारखंच असतं. वास नाही. पण पोटात गेलं की शरीर त्याचं आम्ल करतं, त्याचे खडे मूत्रपिंडात अडकतात आणि माणूस जातो. म्हणून त्यात निळा किंवा हिरवा रंग टाकायचा असतो. रंगाची पुडी माझ्या टेबलावर होती. मी टाकीचं झाकण उघडून उभी राहिले आणि मला तो रंग टाकवला नाही. बाराशे लिटर नितळ पाणी! ज्या गावात पोरं गढूळ पाणी तुरटी फिरवून पितात, त्या गावात मी एवढं पाणी हाताने निळं करू? मन धजलं नाही. टाकीला कुलूप आहे, कोण पिणार आहे, असं म्हणून मी पुडी कपाटात ठेवून दिली. रसायनशास्त्राच्या बाईने केलेली याहून मोठी चूक मला माहीत नाही.

टाकीवर पाटी होती म्हणा. 'पिण्यास अयोग्य'. पण ती पाटी सहा वर्षांपूर्वी लावलेली होती, पाणी स्वच्छ होतं तेव्हाची. धामणखेडात तोवर तशी रीतच पडली होती. घरोघरच्या पिंपावर, कॅनवर, गच्चीवरच्या टाकीवर लाल रंगात हेच लिहायचं, म्हणजे शेजारी मागायला येत नाही आणि चोर फिरकत नाही. प्यायचं पाणी ओळखायचं कसं, तर ज्यावर 'पिण्यास अयोग्य' लिहिलंय ते. सगळं गाव एकमेकांशी खोटं बोलत होतं आणि सगळ्या गावाला ते माहीत होतं.

या मेमध्ये टँकर बंद झाले. अकरा दिवस एकही आला नाही. बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला कॉलेजचं फाटक पडल्याचा आवाज आला.

रशीदचाचा आमचे शिपाई, साठीला आलेले. ते फाटकाकडे धावले. मी खिडकीतून पाहिलं, त्यांनी दोन्ही हात पसरले होते. कुणीतरी त्यांच्या पोटात कुदळीचा दांडा मारला आणि ते दुमडून खाली बसले. त्यांच्या अंगावरून साठ-सत्तर माणसं पुढे आली. बाया होत्या, हातात कॅन होते. पुरुषांच्या हातात पहारी, टिकाव. मी लोखंडी स्टँडचा दांडा उपसला आणि टाकीच्या खोलीचं दार लावून आत उभी राहिले. तीन घावांत दार पडलं.

सगळ्यात पुढे भागवत होता. तुरुंगातून सुटल्यावर मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. तो वाळला होता.

"आक्का, बाजूला हो."

"भागवता, त्या पाण्याला हात लावू नको. विष आहे त्यात."

"कसलं विष?"

"ग्लायकॉल. डिसेंबरात घातलंय. तू तेव्हा इथं नव्हतास."

"नव्हतो ना. कुठं होतो ते बी सांग की ह्या लोकांना."

मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. एक बाई ओरडली, "बाराशे लिटर घेऊन बसलीय आन् गाव मरायलंय!"

"पाटी वाच," मी म्हटलं.

"पाटी?" भागवतने मागे वळून लोकांकडे पाहिलं. "आक्का, माझ्या घरच्या पिंपावर बी हीच पाटी हाये. उर्मिलानं सोता रंगवलीय. ह्या समद्यांच्या घरी हाये. तुझीच कामून खरी धरायची?"

मी कोपऱ्यातला ग्लायकॉलचा रिकामा ड्रम पायाने पुढे ढकलला. कोणी बघितलाही नाही. रिकामे ड्रम काय, सगळ्यांकडेच होते. भागवतने टाकीचं कुलूप पहारीने तोडलं, आत हात घातला, बोटं चोळून पाहिली आणि म्हणाला, "पाणीच हाये. गार हाये." गार या शब्दावर सगळी माणसं पुढे सरकली.

तेव्हा भागवतने जे केलं त्यानेच ती माणसं वाचली. तो ओरडला, "कोणी प्यायचं नाय! आधी समद्यांचे कॅन भरायचे, म्हाताऱ्या माणसांचे पहिले. मंग प्यायचं." तुरुंगात जाऊनही तो सुधारला नव्हता. माणसं थांबली. पहिला कॅन भरला. दुसरा भरला. उर्मिलाने पिशवीतली एक बाटली भरून घेतली. पाचवा कॅन भरताना एका म्हातारीला राहवलं नाही. ती खाली बसून ओंजळ पुढे करून भागवतला म्हणाली, "लेकरा, घोटभर." भागवतने कॅन वाकवला.

मी दांडा त्याच्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज आला. कॅन पडला आणि भागवत हात पोटाशी धरून खाली बसला. तो उजवा हात होता, पान्याचा. मला ते मारतानाच माहीत होतं.

मग सगळं भराभर झालं. कोणीतरी माझ्या पाठीत लाथ घातली. मी पडले ती एका टिकावाशेजारीच. तो उचलला आणि टाकीत घातला. प्लास्टिकची टाकी, सहा वर्षांत ठिसूळ झालेली, दुसऱ्या घावाला फाटली. बाराशे लिटर पाणी लोटासारखं खोलीत पसरलं. सहा वर्षं ज्याचा थेंब न् थेंब मी जपला होता! बाया किंचाळल्या, जणू पोटचं पोर खाली टाकलं होतं. त्यांनी लुगडी सोडून पाण्यात टाकली, पिळून कॅनात भरायला लागल्या. एक माणूस ओणवा झाला, फरशीला तोंड लावायला. मी त्याच्या तोंडावर लाथ मारली. माझ्या खांद्यावर पहार बसली आणि उजवा हात लुळा पडला.

एवढ्या माणसांना मी लाथांनी अडवू शकत नव्हते. दारापलीकडे रसायनांचं कपाट होतं. मी रांगत तिथे गेले, डाव्या हाताने अमोनियाच्या दोन मोठ्या बाटल्या ओढल्या आणि फरशीवर आपटल्या.

तो वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. नाकात सुरी खुपसल्यासारखं होतं, डोळे उघडत नाहीत. साठ माणसं खोकत, ओकत, एकमेकांना तुडवत बाहेर पळाली. भरलेले कॅन तिथेच राहिले. मला शुद्ध आली तेव्हा रशीदचाचा माझे पाय धरून व्हरांड्यात ओढत होते.

त्या दिवशी एकही माणूस दगावला नाही. आणि म्हणूनच माझ्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही.

मी ग्रामीण रुग्णालयात होते, खांद्याचं हाड मोडलेलं, दोन बरगड्यांना तडे. दाराशी एक हवालदार. माझ्यावर दोन गुन्हे होते, बाराशे लिटर पाणी वाया घालवल्याचा आणि जमावावर विषारी वायू सोडल्याचा. पहिला जास्त मोठा होता. ग्लायकॉलचं मी जबाबात सांगितलं. लिहून घेणाऱ्याने मान हलवली. फरशीवरचं पाणी गटारात वाहून गेलं होतं आणि भरलेले कॅन त्याच संध्याकाळी कुणीतरी पळवले होते. ते कॅन कुठे गेले याचा विचार करून मी दोन रात्री झोपले नाही. नंतर कळलं, अमोनिया शिरल्यामुळे त्या पाण्याचा वास सहन होईना, म्हणून ते ओतून दिलं गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला भागवत वॉर्डात आला. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, डाव्या हातात लिटरची बाटली. मागे पंधरा-वीस माणसं, मोबाइल वर धरलेले. उर्मिला त्याचा शर्ट धरून मागे ओढत होती.

"हे तुझ्या टाकीतलं," तो म्हणाला. "फोडायच्या आधीचं. हिनं घरात कोणाला हात लावू दिला नाय. आक्का खोटं बोलत नाय म्हणती."

"भागवता, ती बाटली डॉक्टरांकडे दे. तपासू दे त्यांना."

"तपासलेलं लई बघितलं तुझं. तू तपासलं आन् मी आठ महिने आत गेलो." त्याने दातांनी झाकण काढलं. "तीन दिस झाले, एक माणूस मेला नाय. माझा हात मातर गेला. डॉक्टर म्हणतो, पकड येणार नाय. कशापायी गेला, सांग की! तुझं पाणी राखायपायी गेला."

"मी पाणी राखलं नाही रे, मी ते ओतून दिलं!"

"आम्हाला द्यायपेक्षा ओतलं," तो म्हणाला आणि बाटली तोंडाला लावली.

मी खाटेवरून उडी मारली. सलाईनची नळी तटकन तुटली, रक्त उडालं. मी त्याच्या अंगावर पडले, बाटलीला हात घातला, तर मागच्या दोघांनी माझे केस धरून मला मागे खेचलं. एकाने माझ्या मोडलेल्या खांद्यावर गुडघा टेकवला. मी किंचाळत होते आणि माझा भाऊ माझ्याकडे बघत, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत पाणी पीत होता. बाटली त्याने माझ्यापुढे उलटी धरली.

"बघ. मेलो का?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्लायकॉलचा हाच तर घात आहे. ते लगेच काही करत नाही. डॉ. इंगोले धावत आले, त्यांनी माझं ऐकलं, भागवतला थांबवायला गेले. लोकांनी त्यांना ढकलून दिलं आणि भागवतला खांद्यावर घेऊन गेले. मी हवालदाराला विनवलं, त्याला पकड, त्याला दारू पाज. दारू पोटात असली की शरीर आधी तिच्याच मागे लागतं आणि ग्लायकॉलचं आम्ल होणं लांबतं. हवालदार म्हणाला, "मॅडम, तुम्ही झोपा."

तीन वाजता उर्मिलाने त्याला रिक्षातून आणलं. तो झोकांड्या खात होता, जीभ जड झाली होती. ज्याने जन्मात दारूला हात लावला नाही त्याला लोक प्यायलेला समजून हसत होते. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. नाकातून नळी घालून त्याला दारू दिली, पण पाच तास उशिराने. रक्तात आम्ल चढत होतं. आता डायलिसिस हाच उपाय होता, तोही आज. रक्त यंत्रातून फिरवून धुवायचं. यंत्र होतं. चालवणारा होता.

"पाणी नाही," डॉ. इंगोले म्हणाले. "एका वेळेला एकशेवीस लिटर शुद्ध पाणी लागतं. आरओमध्ये अर्धं वाया जातं, म्हणजे अडीचशे लिटर. आमच्या टाकीत चाळीस आहे. जिल्ह्याला फोन केलाय. उद्या दुपारपर्यंत पाठवतो म्हणतात."

"उद्या दुपारपर्यंत?"

त्यांनी मान हलवली. तोवर भागवत राहणार नव्हता.

उर्मिला माझ्या खाटेपाशी आली. मला वाटलं ती माझ्या तोंडावर थुंकेल. ती म्हणाली, "आक्का, पाणी हाये. शुभारंभ मंगल कार्यालयाखाली हौद हाये, वीस हजाराचा. मागल्या महिन्यात मी तिथं भांडी घासली. राखणदार हाये. चला तुम्ही. कोणतं पाणी यंत्राला चालतं ते तुम्हालाच कळतं."

सकाळी टाळ्या वाजवणारे लोक दारात उभे होते, खाली मान घालून. माझ्या खांद्यावर गुडघा टेकवणाराही होता. हवालदार बाजूला झाला. त्याच्याही घरी तेरा-चौदा दिवस पाणी नव्हतं. मी सलाईनच्या स्टँडचा लोखंडी दांडा उपसला आणि डाव्या हातात घेतला.

पाच वाजले असतील. मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात हौदाचं झाकण होतं आणि त्यावर एक माणूस उभा होता, खाकी सदरा, हातात काठी. चाळिशीचा असेल.

"बाई, मागं फिरा," तो म्हणाला. "ह्यात शेवाळाचं औषध टाकलंय. पिण्याचं नाय हे."

"प्यायला नको आहे. दवाखान्याला पाहिजे. माणूस मरतोय."

"समदेच मरायलेत. मालकाला इचारा. मी उघडलं तर माझं घर बसंल."

मी त्याला विचारायला हवं होतं, कोणतं औषध, किती टाकलंय, कधी. मी रसायनशास्त्राची बाई आहे. दोन मिनिटं लागली असती. त्याच वेळी उर्मिला झाकणाकडे धावली आणि त्याने काठी फिरवली. तिच्या कपाळातून रक्त आलं. मी दांडा मारला. पहिला फटका त्याला थांबवायला होता. दुसरा त्याने काठी पुन्हा उचलली म्हणून. तिसरा कशाला होता, ते मला आजही सांगता येत नाही. तो तेव्हा खाली पडलेला होता.

हौदातलं पाणी चांगलं होतं. औषध वगैरे काही नव्हतं. लोकांनी हातोहात ते दवाखान्यात नेलं आणि सहा वाजता यंत्र सुरू झालं. आरओतून वाया जाणारं पाणी मी एका पाइपने पुन्हा टाकीत वळवलं. एका हाताने, आणि हाताखाली पाना द्यायला भागवत नसताना. सहा वेळा त्याचं रक्त धुतलं. अकराव्या दिवशी त्याला लघवी झाली, तेव्हा डॉ. इंगोल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भागवत जगला.

राखणदार दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दवाखान्यात, खालच्या मजल्यावर वारला. डोक्यात रक्तस्राव झाला होता. त्याचं नाव मला आरोपपत्रात कळलं. उद्धव शेजूळ.

मला पश्चात्ताप आहे का, असं वकील विचारतात. आहे. झोप लागत नाही इतका आहे. आणि उद्या भागवत पुन्हा तसा झोकांड्या खात आला तर मी पुन्हा दांडा उचलेन, हेही मला ठाऊक आहे. हे दोन्ही एकदम कसं खरं असतं ते मला समजावून सांगता येत नाही. वकील म्हणतात, दुसरं वाक्य कोर्टात बोलू नका.

दर तारखेला भागवत येतो आणि मागच्या बाकावर बसतो. आम्ही अजून बोललेलो नाही. पुढच्या बाकावर एक बाई असते, साधारण माझ्याच वयाची, केस पांढरे झालेले. उद्धव शेजूळची थोरली बहीण. तीन गाड्या बदलून येते म्हणे. ती नुसती माझ्याकडे बघत बसते. गेल्या तारखेला पोलीस मला बाहेर नेत असताना ती दाराशी उभी होती. माझ्याने राहवलं नाही. मी थांबले आणि म्हणाले, "बाई, मी माझ्या भावासाठी केलं. मला तो एकटाच आहे."

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"मला बी एकच होता," ती म्हणाली.